सह्याद्रीचा नकाशा हातात कसा आला

हातात मावणारे जीपीएस यंत्र मुळात एकच गोष्ट सांगते : तुम्ही अमुक अक्षांशावर आणि अमुक रेखांशावर उभे आहात. पुढच्या दोनशे पावलांवर पठार आहे की कडा, डावीकडची नाळ कोकणात उतरते की मध्येच तुटते, धुक्यात दिसणारी सोंड कोणत्या गावाकडे जाते, यातले काहीही उपग्रहाला ठाऊक नसते. ते नकाशाला ठाऊक असते. म्हणून यंत्रात तपशीलवार नकाशा भरणे हे वरवर पाहता तांत्रिक काम असले तरी त्यामागे एक जुना प्रश्न आहे. नकाशा कोणाचा, आणि तो कोणाच्या हाती द्यायचा?

आपल्याकडे या प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. सह्याद्रीत जीपीएस यंत्र आधी पोहोचले, त्यात भरण्याजोगा नकाशा मात्र फार उशिरा आला. हे असे का झाले, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

हिंगणघाटची कबर

विल्यम लॅम्बटन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात साडेसात मैलांची आधाररेषा मोजायला सुरुवात केली. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा आरंभ. त्याचे थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचे होते आणि ते डोंगरावर, देवळांच्या गोपुरांवर माणसांच्या खांद्यांवरून चढवले जाई. वीस वर्षे हा माणूस त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तिथेच आहे.

त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे एक गणित मांडले. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. ती किती चपटी आणि तिची विषुववृत्तीय त्रिज्या किती, हे ठरवल्याशिवाय अक्षांश-रेखांश कागदावर उतरवता येत नाहीत. एव्हरेस्टने ही त्रिज्या सुमारे ६३,७७,२७६ मीटर धरली. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पावणेदोनशे वर्षांनंतर तो सह्याद्रीतल्या भटक्यांच्या वाटेत आडवा येणार आहे.

मराठी मुलखाची सविस्तर मोजणी १८१८ नंतर, पेशवाई बुडाल्यावर सुरू झाली. दक्षिण कोकणाची मोजणी थॉमस बेस्ट जर्विस याने केली. हेतू उघड होता : महसूल, लष्कराच्या हालचाली, रस्ते. या साऱ्या मोजणीचे दोन थर होते. पहिला थर मापाचा. तो वरून येई, शिखरावरच्या दुर्बिणीतून. दुसरा थर नावांचा. तो खालून येई. हे गाव कोणते, हा ओढा कोणता, या खिंडीला काय म्हणतात, हे दुर्बिणीला कळत नाही. ते गावच्या पाटलाला, गुराख्याला, बरोबरच्या खलाशाला विचारावे लागे. माप घेणाऱ्यांची नावे इतिहासात राहिली. नावे सांगणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

४७ ई/१५

या मोजणीतून पुढे टोपोशीट जन्माला आले. चार अंश लांब व चार अंश रुंद असा एक चौकोन, त्याला क्रमांक. त्याचे एक-एक अंशाचे सोळा भाग, त्यांना ए ते पी अशी अक्षरे. त्या प्रत्येकाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग, त्यांना आकडे. सह्याद्रीचा मोठा भाग ४७ क्रमांकाच्या चौकोनात येतो. पुणे शहर ४७ एफ/१४, सिंहगड ४७ एफ/१५, राजगड ४७ एफ/१२, हरिश्चंद्रगड ४७ ई/१५. जुन्या ट्रेकरांना हे क्रमांक घराच्या पत्त्यासारखे पाठ असत.

आधी एक इंचाला एक मैल, आणि दशमान पद्धत आल्यावर एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर, या प्रमाणात ही टोपोशीटे छापली गेली. दर वीस मीटर उंचीला एक समोच्चरेषा. या रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे कडा, जिथे सैल होतात तिथे माळ. हे वाचायला शिकलेल्या माणसाला कागदावर डोंगर उभा दिसे.

पण कागद मिळणे सोपे नव्हते. १९६७ साली संरक्षण मंत्रालयाने नकाशांवर कडक निर्बंध घातले. देशाच्या सीमांलगतचा आणि संपूर्ण किनाऱ्यालगतचा सुमारे ८० किलोमीटर रुंदीचा पट्टा प्रतिबंधित ठरला. आता महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. किनाऱ्यापासून ८० किलोमीटर म्हणजे सबंध कोकण आणि सह्याद्रीच्या मुख्य धारेचा बहुतांश भाग. म्हणजे पुणे शहराचा नकाशा खुला, पण रायगडाचा प्रतिबंधित. ज्या घाटवाटांनी शतकानुशतके मीठ, तांदूळ आणि माणसे वरखाली झाली, त्या वाटा दाखवणारा कागद सामान्य नागरिकासाठी कुलपात गेला.

गंमत अशी, की अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात भारताचे अडीच लाखांना एक या प्रमाणातले नकाशे छापले होते, आणि त्यांचा आधार मुख्यतः भारतीय सर्वेक्षणाचीच कागदपत्रे होती. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने पुढे ते इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवले. आपल्या डोंगराचा नकाशा डेहराडूनहून मिळवण्यापेक्षा टेक्सासहून मिळवणे सोपे, अशी ही अवस्था होती.

एका रात्रीत

जीपीएस ही अमेरिकन लष्कराची यंत्रणा. नागरी वापरासाठी दिल्या जाणाऱ्या संकेतात जाणीवपूर्वक चूक मिसळलेली असे. त्यामुळे दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे असू शके. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने १ मे २००० च्या रात्री ही भेसळ बंद झाली आणि जगभरातली यंत्रे दुसऱ्या दिवशी सुमारे दहा-वीस मीटरपर्यंत अचूक झाली. त्याच सुमारास गार्मिन कंपनीची ईट्रेक्स मालिकेतली हातयंत्रे बाजारात आली. परदेशातून येणाऱ्या नातलगांच्या सामानातून ती मुंबई-पुण्याच्या भटक्यांपर्यंत पोहोचू लागली.

यंत्र सुरू केले की पडद्यावर काय दिसे? मोठी शहरे, महामार्गांच्या दोन-चार रेघा आणि बाकी सगळी कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत एक काळा त्रिकोण : तुम्ही. आकाशाने आपले काम चोख केले होते. खाली जमीनच नव्हती.

दोन मिलिमीटर

मग लोकांनी जुनी टोपोशीटे स्कॅन केली. ओझीएक्स्प्लोरर नावाच्या संगणक प्रणालीत चित्राच्या कोपऱ्यांना अक्षांश-रेखांश दिले की चित्राचा नकाशा होई. त्यावर वाट आखायची, वळणांचे बिंदू यंत्रात भरायचे आणि निघायचे. पण डोंगरावर गेल्यावर सारे काही थोडे बाजूला सरकलेले आढळे.

याचे कारण एव्हरेस्टची पृथ्वी. टोपोशीट १८३० च्या गणितावर आधारलेले, तर जीपीएस १९८४ च्या जागतिक मानकावर, ज्यात विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर आहे. दोन पृथ्वींच्या त्रिज्यांत ८६१ मीटरचा फरक, शिवाय त्यांचे मध्यबिंदूही वेगळे. सह्याद्रीच्या भागात यातून पडणारे अंतर शंभर मीटरच्या घरात जाते. कागदावर हे जेमतेम दोन मिलिमीटर. पण कड्याच्या काठावर शंभर मीटर म्हणजे पायाखाली जमीन असणे आणि नसणे. यंत्रात योग्य मानक निवडले की हा फरक बराचसा मिटतो. ते निवडायचे असते, हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी मात्र अचूक यंत्र आणि अचूक नकाशा मिळून एक धोकादायक जोडी तयार होते.

फाइलचे कुलूप

स्कॅन केलेले चित्र त्या काळच्या हातयंत्रात शिरत नसे. २००१ च्या सुमाराच्या ईट्रेक्स लेजंडमध्ये नकाशासाठी फक्त ८ मेगाबाइट जागा होती. त्यामुळे गार्मिनचा नकाशा चित्ररूप नसे. रस्ता म्हणजे बिंदूंची माळ, तलाव म्हणजे बंद रेघ, समोच्चरेषा म्हणजे बिंदूंची माळ आणि एक उंची. सारा प्रदेश लहान तुकड्यांत विभागलेला. यंत्र फक्त डोळ्यांसमोरचा तुकडा काढून पडद्यावर रेखाटते. अत्यंत काटकसरीची रचना होती ही. पण फाइलचा हा आराखडा कंपनीने जाहीर केलेला नव्हता.

तो हौशी लोकांनी उलगडला. पोलंडच्या स्तानिस्लाव कोझित्स्की यांनी सीजीपीएसमॅपर ही प्रणाली लिहिली. साध्या मजकुरात बिंदू लिहायचे आणि तिने त्यांची यंत्राला कळणारी फाइल बनवायची. त्या मजकुराच्या पद्धतीला आजही ‘पोलिश फॉरमॅट’ म्हणतात. नंतर एमकेजीमॅप ही मुक्त प्रणाली आली. आता कृती सरळ झाली : नकाशाची माहिती उतरवून घ्या, तुकडे करा, प्रणालीतून काढा, तयार झालेली ‘जीमॅपसप्प’ नावाची फाइल मेमरी कार्डावरच्या गार्मिन फोल्डरमध्ये ठेवा. यंत्र बंद करून चालू केले की कोरा पडदा भरतो.

उंचीसाठीही सरकारी कागदाची गरज उरली नाही. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. आपल्या भागासाठी आधी दर ९० मीटरला एक आणि पुढे दर ३० मीटरला एक असे आकडे सर्वांसाठी खुले झाले. त्यांतून घरबसल्या समोच्चरेषा काढता येतात. मर्यादा एवढीच, की ९० मीटरच्या जाळीत कोकणकडा मावत नाही. तुटलेला कडा तिथे तीव्र उतारासारखा दिसतो. जुना टोपोशीटकर्ता कड्याची खूण हाताने काढत असे. रडारला तशी खूण ठाऊक नाही.

दोन ओएसएम

एमकेजीमॅपमध्ये घालायची माहिती आली ती ओपनस्ट्रीटमॅपमधून. २००४ साली लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी हा प्रकल्प सुरू केला, कारण ब्रिटिश सर्वेक्षण खात्याचा नकाशाही तिथल्या नागरिकांना मुक्तपणे वापरता येत नव्हता. कोणीही चालावे, आपला ट्रॅक भरावा, वाट रेखावी. त्याचे संक्षिप्त नाव ओएसएम.

योगायोग असा, की १९ मे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने आपल्याकडेही एक ओएसएम जन्माला घातला : ‘ओपन सीरीज मॅप’. धोरणाने नकाशांचे दोन संच केले, एक संरक्षण दलांसाठी आणि एक जनतेसाठी. जनतेचा संच जागतिक मानकावर, नव्या क्रमांकांसह. म्हणजे एव्हरेस्टच्या पृथ्वीचा गुंता इथे सुटला. मात्र प्रत्येक नकाशाला संरक्षण मंत्रालयाची एकदा मंजुरी हवी होती. सर्वसामान्यांना हे नकाशे संकेतस्थळावरून मोफत मिळू लागले ते २०१७ साली, आणि तेही आधार क्रमांक देऊन. दरम्यान पहिल्या ओएसएममध्ये स्वयंसेवकांनी गडांच्या कितीतरी वाटा रेखून टाकल्या होत्या.

ही वाट सरळ नव्हती. मे २०१६ मध्ये आलेल्या एका विधेयकाच्या मसुद्यात परवान्याशिवाय भूस्थानिक माहिती गोळा करणाऱ्याला शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड व सात वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. त्याचा कायदा झाला नाही. उलट १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय नागरिकांना व संस्थांना नकाशे बनवण्यासाठी पूर्वपरवानगीची अटच काढून टाकली. संवेदनशील बाबींची एक यादी तेवढी बाजूला ठेवली. १९६७ चे कुलूप चौपन्न वर्षांनी निघाले.

उरलेला थर

माप आता मोकळे झाले आहे. ज्या मापासाठी लॅम्बटनने अर्ध्या टनाचे यंत्र डोंगरावर चढवले, ते आज खिशात आहे. पण नावांचा थर अजून तसाच, विचारून मिळवावा लागणारा.

हरिश्चंद्रगडाचेच पाहा. पाचनईची वाट, खिरेश्वरहून टोलारखिंडीची वाट, बेलपाड्याहून कोकणकड्याकडे चढणारी नळीची वाट. ही नावे उपग्रहाच्या कोणत्याही छायाचित्रात नाहीत. ‘नळीची वाट’ हे नाव स्वतःच एक इशारा आहे : इथे कड्यांच्या फटीतून, दगडधोंड्यांवरून चढावे लागेल. गुराख्याच्या तोंडचे ते नाव समोच्चरेषेपेक्षा कमी माहिती देत नाही. आणि नेमके हेच यंत्रात भरताना गळते. जुन्या हातयंत्रांत बहुधा देवनागरी अक्षरेच नव्हती. नाव रोमनमध्ये भरावे लागे. तिथे ‘ळ’ आणि ‘ल’ एक, ‘ड’ आणि ‘द’ एक. नाळ कोणती आणि नाल कोणती, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. पुढे त्या रोमनवरूनच पुन्हा मराठी लिहिले गेले, की एखाद्या खिंडीला तिच्या पायथ्याच्या गावात कोणी कधी न उच्चारलेले नाव चिकटते.

शिवाय पडद्यावरची वाट म्हणजे कोणा एकाने कोणत्या तरी एका ऋतूत टाकलेली पावले. मार्चमधला ट्रॅक जुलैमध्ये ओढ्याच्या पोटातून जाऊ शकतो. ते सांगायला पायथ्याच्या वाडीतला माणूस लागतो. म्हणून ज्याच्या यंत्रात आता नकाशा आहे, त्याने ट्रॅकबरोबर आणखी एक गोष्ट नोंदवावी : इथल्या माणसांनी या जागेला काय म्हटले, त्यांच्याच उच्चारात आणि देवनागरीत. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नावासाठी स्वतंत्र रकाना आहे. सह्याद्रीतल्या असंख्य नाळा, सोंडा आणि पाणवठ्यांसमोर तो अजून रिकामा आहे, आणि ही नावे ज्यांच्या तोंडी आहेत ती पिढी आता वयाने थकली आहे.