एक्सएमएल : विस्तारक्षम खूणभाषा

संगणकावर साठविलेल्या मजकुराचा कोणता भाग कशाचा द्योतक आहे, हे त्या मजकुरातच खुणा घालून नोंदविण्याची एक प्रमाणित पद्धत. ‘एक्सएमएल’ हे तिच्या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप असून त्याचा अर्थ ‘विस्तारक्षम खूणभाषा’ असा होतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा नव्हे. ती आकडेमोड करीत नाही, की मजकुराची मांडणीही ठरवीत नाही. मजकूर कसा दिसावा यापेक्षा तो काय आहे, एवढेच सांगणे हे तिचे कार्य होय.

पूर्वपीठिका : मजकुरात खुणा घालण्याची प्रथा संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. हस्तलिखित पोथ्यांत दंड व दुहेरी दंड यांनी चरण आणि श्लोक वेगळे केलेले असतात. अध्यायसमाप्तीची वाक्ये अनेकदा तांबड्या रंगाने उठविलेली आढळतात, तर चुकलेली अक्षरे हरताळ फासून रद्द केलेली दिसतात. या खुणा मूळ मजकुराचा भाग नसतात. त्या मजकुराविषयी वाचकाला काही सांगतात. मुद्रणकला आल्यावर हेच काम संपादक करू लागला. मथळा कोणता, टीप कोणती, कोणत्या ओळी ठळक खिळ्यांत घ्यावयाच्या, हे तो हस्तलिखिताच्या समासात लिहून देई आणि त्यानुसार खिळे जुळविले जात.

अशा खुणांमुळे ग्रंथाला कसे स्थैर्य येते, याचे महाराष्ट्रातील लक्षणीय उदाहरण म्हणजे केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) येथे छापले गेलेले मराठी बायबल. पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८–५ एप्रिल १९२२) यांनी केडगावच्या मुक्ती सदनात राहून, हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून हा अनुवाद सिद्ध केला. सदनाच्या स्वतःच्या मुद्रणालयात तेथील स्त्रियांनी खिळे जुळविण्यापासूनची कामे केली आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रकाशित झाला. प्रॉटेस्टंट परंपरेतील बायबलात ६६ पुस्तके असून प्रत्येकाचे अध्याय व अध्यायांची वचने पाडलेली असतात. यांतील अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँगटन याने केली, तर नव्या करारातील वचनांचे क्रमांक रॉबेअर एत्येन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. पृष्ठांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. अध्याय व वचन यांचे क्रमांक लिपी, भाषा किंवा कागदाचा आकार बदलला तरी तेच राहतात. म्हणूनच केडगावच्या प्रतीतील एखादे वचन ग्रीक संहितेत वा इंग्रजी भाषांतरात तत्काळ सापडते. रचनेच्या खुणा आणि बाह्य रूप ही परस्परांपासून वेगळी ठेवता येतात, हेच तत्त्व पुढे एक्सएमएलच्या मुळाशी आले.

विकास : संगणकाच्या साहाय्याने जुळणी सुरू झाल्यावर आरंभी मजकुरात ‘येथे अक्षर मोठे करा’, ‘येथे ओळ सोडा’ अशा यंत्रविशिष्ट सूचना भरल्या जात. यंत्र बदलले की त्या निरुपयोगी ठरत. आशय आणि रूप यांची फारकत करावी, असा विचार विल्यम टनिक्लिफ यांनी १९६७ मध्ये कॅनडात मांडला. आय. बी. एम. कंपनीतील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी १९६९ मध्ये कायदेविषयक कागदपत्रांसाठी या तत्त्वावर एक पद्धत तयार केली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे घेऊन तिला पुढे ‘जीएमएल’ असे नाव मिळाले. तिचे विकसित रूप ‘एसजीएमएल’ १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ ८८७९) म्हणून स्वीकारण्यात आले. हे मानक समर्थ होते. तथापि त्याचे नियम इतके विस्तृत होते की, ते पूर्णपणे राबविणे लहान संस्थांच्या आवाक्याबाहेरचे होते.

टिम बर्नर्स-ली यांनी वेबपृष्ठांसाठी रचलेली एचटीएमएल ही भाषा याच परंपरेतील असून ती अत्यंत सोपी आहे. परंतु तिच्यातील खुणांचा संच ठरलेला असतो. परिच्छेद व मथळा यांसाठी तीत खुणा आहेत. ओवी, अनुवादक किंवा सातबारा यांसाठी नाहीत. एसजीएमएलचे सामर्थ्य व एचटीएमएलची सुलभता यांचा मेळ घालण्यासाठी १९९६ मध्ये जॉन बोसॅक यांच्या नेतृत्वाखाली एक गट नेमण्यात आला. टिम ब्रे, झाँ पाओली व मायकेल स्पर्बर्ग-मॅक्वीन यांनी संपादिलेला त्याचा मसुदा म्हणजेच एक्सएमएल होय.

स्वरूप : केडगावच्या उपर्युक्त ग्रंथाची नोंद एक्सएमएलमध्ये पुढीलप्रमाणे करता येईल :

<ग्रंथ भाषा="मराठी">
  <शीर्षक>बायबल</शीर्षक>
  <अनुवादक>पंडिता रमाबाई</अनुवादक>
  <मुद्रण>
    <स्थळ तालुका="दौंड">केडगाव</स्थळ>
    <वर्ष>१९२४</वर्ष>
  </मुद्रण>
</ग्रंथ>

कोनी कंसांतील शब्दांना ‘टॅग’ म्हणतात. आरंभीचा टॅग, अखेरचा तिरपी रेघ असलेला टॅग आणि त्यांमधील आशय मिळून एक ‘घटक’ बनतो. आरंभीच्या टॅगमध्ये दिलेल्या जादा माहितीस ‘गुणधर्म’ म्हणतात. ‘तालुका’ हा असा गुणधर्म होय. तो येथे शोभेसाठी दिलेला नाही : अहिल्यानगर शहराचे एक उपनगरही केडगाव याच नावाचे आहे. जाणता वाचक संदर्भावरून गाव ओळखतो. यंत्राला तो संदर्भ लेखी द्यावा लागतो. त्याचप्रमाणे ‘१९२४’ हा आकडा मुद्रणाचा की अनुवादकाच्या मृत्यूचा, हे आकड्यावरून कळत नाही. तो ज्या घटकात बसविला आहे त्यावरून कळते.

दस्तऐवज ‘सुघटित’ असण्यासाठी काही नियम पाळावे लागतात. सर्व घटकांना सामावणारा एकच मूळ घटक असावा. उघडलेला प्रत्येक घटक बंद करावा. आत उघडलेला घटक आतच बंद व्हावा. गुणधर्माचे मूल्य अवतरणचिन्हांत द्यावे आणि आशयात डावा कोनी कंस किंवा ‘अँपरसँड’ हे चिन्ह उघडे लिहू नये. त्यासाठी ठरावीक पर्यायी संकेत वापरावेत. नावांचे लेखनही तंतोतंत जुळावे लागते : ‘शीर्षक’ उघडून ‘शिर्षक’ बंद केल्यास संगणक दस्तऐवज नाकारतो. याखेरीज एखाद्या क्षेत्रातील जाणकार आपले जादा नियम लिहून ठेवू शकतात. प्रत्येक ग्रंथाला शीर्षक असलेच पाहिजे, हा असा एक नियम होय. हे नियमही पाळणारा दस्तऐवज ‘वैध’ समजला जातो. नियम लिहिण्याची एक्सएमएल स्कीमा ही पद्धती २००१ मध्ये सिद्ध झाली. तीतील संख्या व वर्ष हे प्रकार केवळ आंतरराष्ट्रीय अंक मान्य करतात. देवनागरी अंकांतील वर्ष तेथे साधा मजकूर ठरते. त्यामुळे माहिती आंतरराष्ट्रीय अंकांत साठवून ती दाखविताना देवनागरीत रूपांतरित करणे सोयीचे पडते.

मराठी व एक्सएमएल : वरील उदाहरणातील टॅग मराठीत आहेत, याला ऐतिहासिक महत्त्व आहे. पुण्याच्या सी-डॅक (स्थापना १९८८) या संस्थेने जिस्ट तंत्राद्वारे भारतीय लिप्या संगणकावर वापरात आणल्या आणि १९९१ मध्ये इस्की हे संकेतन भारतीय मानक (आयएस १३१९४) ठरले. तरीही १९९० नंतरच्या दशकात पुष्कळसे मराठी लेखन निरनिराळ्या टंकांच्या खाजगी संकेतनांत साठविले गेले. तो टंक नसलेल्या संगणकावर हा मजकूर निरर्थक रोमन चिन्हांचा पुंजका म्हणून दिसतो. त्यात शब्द शोधता येत नाहीत की त्याची अकारविल्हे लावता येत नाही. आशय रूपाशी जखडला गेल्याचा हा परिणाम होय. एक्सएमएलने प्रारंभापासून युनिकोड हा पाया मानला. त्यामुळे आशयच नव्हे, तर घटकांची नावेही देवनागरीत देता येतात. युनिकोड कन्सॉर्शियमच्या सीएलडीआर या संग्रहात मराठीची स्वतंत्र एक्सएमएल फाइल असून महिने व वार यांची नावे, तसेच अंकलेखनाची पद्धत तीत नोंदविलेली आहे.

उपयोग व मर्यादा : कार्यालयीन लेखनाची ओडीएफ व ऑफिस ओपन एक्सएमएल ही दोन्ही रूपे (२००६) एक्सएमएलवर आधारलेली आहेत. भारतात ठरावीक वर्गातील कंपन्यांना २०१०–११ या आर्थिक वर्षापासून आपले हिशेब तिच्याच ‘एक्सबीआरएल’ या रूपात सादर करणे बंधनकारक झाले.

एक्सएमएलची रचना वृक्षासारखी असल्याने परस्परांना छेदणारे विभाग तीत सरळ बसत नाहीत. ज्ञानेश्वरीतील वाक्य एका ओवीत सुरू होऊन पुढच्या ओवीत संपू शकते. बायबलातही वचन व परिच्छेद यांच्या सीमा नेहमी जुळत नाहीत. अशा वेळी एका विभागणीस घटकाचे रूप देऊन दुसरी केवळ मैलाच्या दगडांप्रमाणे रिकाम्या घटकांनी दाखविली जाते. बायबलाच्या संगणकीय प्रतींसाठी वापरली जाणारी ‘यूएसएक्स’ ही एक्सएमएल-पद्धती वचनांचे क्रमांक असेच नोंदविते. टॅगांमुळे फाइलचा आकार वाढतो, हीही एक उणीव आहे. यंत्रायंत्रांतील लहान निरोपांसाठी आटोपशीर ‘जेसन’ ही पद्धत अधिक रूढ झाली असून भारतातील प्राप्तिकर विवरणपत्रेही २०२१ पासून एक्सएमएलऐवजी तीत स्वीकारली जाऊ लागली. कोश, संहिता, कायदे यांसारख्या दीर्घकाळ जतन करावयाच्या आणि मजकूर व खुणा एकमेकांत गुंफलेल्या लेखनासाठी मात्र एक्सएमएलचा वापर टिकून आहे.