सायकलचें चाक आणि जव्हार-मोखाड्याची वाट

बैलगाडीचें चाक आणि सायकलचें चाक हीं दोन्ही वाटोळीं असलीं तरी त्यांची जात एक नव्हे. आज मी जी हकीकत सांगणार आहे ती ह्या दुसऱ्या चाकाची, आणि तीहि आमच्या जव्हार-मोखाडा मुलुखांतील. विषय कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु जो एकदां तोरंगणचा घाट सायकल घेऊन चढला-उतरला आहे, किंवा ज्यानें खोडाळ्याकडच्या चिखलांतून ती खांद्यावर वाहिली आहे, त्याला तसें वाटणार नाहीं.

जव्हार हें मुकणे घराण्याच्या संस्थानाचें राजधानीचें गांव. समुद्रसपाटीपासून तें सुमारें दीड हजार फूट उंच आहे. संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि हा भाग ठाणें जिल्ह्यांत गेला; १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत आहेत. जिल्हे बदलले, चढ होते तेच आहेत. आगगाडी येथें कधीं आलीच नाहीं. एस. टी. आली ती मोठ्या रस्त्यापुरती. तेथून पुढें पाड्यावर जावयाचें तर स्वतःचे पाय, नाहीं तर सायकल. अशा मुलुखांत सायकलचें चाक कसें निवडावें हा प्रश्न हौसेचा नव्हता. पोटाचा होता, आणि आम्हां मास्तरांच्या बाबतींत शाळा वेळेवर उघडण्याचाहि होता.

प्रथम ह्या चाकाचें मर्म पाहूं. बैलगाडीच्या चाकांत तुंबा, आरे आणि पुठ्ठे हे सारे लांकडाचे, वरून लोखंडाची धाव. ओझें येतें तें खालच्या आऱ्यावर उभें राहतें, खांबावर छप्पर राहावें तसें. तारेला हें साधत नाहीं. दोन मिलिमीटर जाडीची तार दोन बोटांनीं दाबली तरी वांकते. तीच ओढली तर माणसाचें ओझें सहज सोसते. म्हणून सायकलच्या चाकांतील प्रत्येक तार आधींच ताणून बसविलेली असते. ओझें आलें म्हणजे खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, आणि चाक फिरून त्या वर गेल्या कीं तो पुन्हां चढतो. प्रत्येक फेऱ्यांत प्रत्येक तारेची ही कसरत चालूं असते. तार तुटते ती ह्याच कसरतीनें थकून. एका धक्क्यानें क्वचित्. आणि तुटते तीहि बहुधा एकाच जागीं, तुंब्याच्या कडेच्या भोंकांत जेथें तिचें डोकें वांकविलेलें असतें तेथें. सैल तार लवकर थकते, घट्ट तार उशिरां. ज्याला हें एवढें उमगलें त्याला चाक निवडण्याची अर्धी विद्या आली.

ताणलेल्या चाकाची कल्पना इंग्लंडांत जॉर्ज केले ह्यांनीं १८०८ सालीं मांडली, आणि तीहि उडत्या यंत्रासाठीं! पुढें १८७४ सालीं जेम्स स्टार्ली ह्यांनीं तारा तुंब्यापासून सरळ न काढतां तिरकस, एकमेकींना ओलांडून बसविण्याचें पेटंट घेतलें. पायडल मारणाराचा जोर तुंब्यांतून कडेपर्यंत पोंचवावयाचा असतो. सरळ तारा त्या जोरानें पिळल्या जातात, तिरकस तारा तो ओढून नेतात. १८८५ सालीं त्यांचे पुतणे जॉन केंप स्टार्ली ह्यांनीं दोन जवळजवळ सारख्या चाकांची, मागल्या चाकास सांखळी असलेली 'रोव्हर' सायकल आणली आणि १८८८ त डनलॉप ह्यांची हवेची धाव आली. आज आपण जिला सायकल म्हणतों ती मूळ स्वरूपांत एवढ्यांतच तयार झाली.

त्याच १८८८ सालीं बेळगांवांत किर्लोस्कर बंधूंचें सायकलचें दुकान निघालें. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हां मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. मुंबईहून सायकली घ्याव्या, बेळगांवीं बंधूंकडे पाठवाव्या, आणि गिऱ्हाइकास पंधरा रुपये घेऊन ती चालवावयास शिकवावें, असा तो व्यवहार होता. पुढें नांगर, पंप आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी ह्यांनीं त्या दुकानाची आठवण झांकून टाकली. मला मात्र महाराष्ट्राच्या एवढ्या मोठ्या कारखानदारीच्या मुळाशीं एक मास्तर आणि एक सायकल दिसते ह्याचें उगाच कौतुक वाटतें.

त्या काळच्या सायकलींना फिरकी, म्हणजे ज्याला आपण फ्रीव्हील म्हणतों, ती नव्हती. चाक फिरे तोंवर पायडलहि फिरे. उतारावर पायच गति आंवरीत. शतक पालटतांना फिरकी सर्रास झाली, पायांना विसांवा मिळाला, आणि गति आंवरण्याचें सारें काम ब्रेकवर पडलें. आतां मुंबई-पुण्याकडे कांहीं तरुण हौसेनें पुन्हां बिनफिरकीच्या सायकली चालवितात. त्यांना एवढेंच सांगतों, कीं अशा चाकाच्या तारांना पुढचा आणि मागचा असा दोन्हीकडचा ओढ सोसावा लागतो, आणि मागलें दातेरी चक्र उलट्या आट्याच्या कडीनें जखडलेलें नसेल तर पाय रोखतांक्षणीं तें सुटूं लागतें. आमच्या घाटांत तो प्रयोग करूं नये.

आमच्याकडे आली ती इंग्रजी घडणीची काळी, जड, एकाच गतीची सायकल. स्वातंत्र्यानंतर आसनसोल, १९५१ पासून सोनीपत आणि १९५६ पासून लुधियाना येथील कारखान्यांनीं तीच घडण पुढें चालविली. २८ इंची चाकें, पोलादी रिम, आणि तारा पुढें ३२ व मागें ४०. हा आंकड्यांतील फरक उगाच नाहीं. बसणाराचा बहुतेक भार मागल्या चाकावर, कॅरिअरचा तर सगळाच. शिवाय सांखळीचा ओढ त्यालाच. आणखी एक गुण ह्या साध्या चाकांत आहे. अनेक गतींच्या सायकलीस मागें दातेरी चक्रांची चळत असते, तिला जागा द्यावी म्हणून रिम एका अंगास सरकवावी लागते. मग एका बाजूच्या तारा फार ताठ आणि दुसरीकडच्या ढिल्या राहतात. एकाच चक्राच्या चाकांत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या ताणतां येतात. घाट चढतांना ही सायकल हातीं धरून चालावें लागतें हें खरें. पण तिचें चाक कांकणभर अधिक टिकतें.

हें ज्ञान मला पुस्तकांतून आलें नाहीं. मोखाडा तालुक्यांतील एका पाड्यावर मी एकशिक्षकी शाळेवर होतों. १९८४ सालीं शहरांतील एका दुकानांतून मीं जुनी पण दिसावयास चलाख, हलक्या चाकांची सायकल घेतली. मागें तारा ३६, रिम हलक्या धातूची, चकचकीत. दोन वर्षें ती बरी चालली; अधूनमधून एखादी तार तुटे आणि मी तिकडे दुर्लक्ष करीं. १९८६ च्या फेब्रुवारींत चौथीची शिष्यवृत्तीची परीक्षा आली. शाळेंतून पहिल्यांदाच दोन मुलें बसलीं होतीं. वेळ थोडा होता म्हणून एकाला नळीवर आणि एकाला कॅरिअरवर घेऊन मी पहांटे निघालों. उतारावर एका खळग्यांत मागलें चाक आदळलें, एका अंगाच्या तीन तारा कटकट तुटल्या, आणि चाकाचा आठ झाला. मुलांना खरचटलें, अधिक कांहीं नाहीं. सायकल झुडपांत टाकून आम्ही धांवत निघालों. पोंचलों तेव्हां पहिली उत्तरपत्रिका गोळा होत होती. मुलांनीं मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं, आणि परततांना वाटभर मला तेंच अधिक लागलें.

ती सायकल मीं जव्हारच्या बाजारांतील एका वृद्ध कारागिरापुढें नेऊन टाकली. त्यांनीं चाक उचलून पाहिलें आणि म्हणाले, "गुरुजी, हें चाक विकणाऱ्यानें तुमचा रस्ता पाहिला नव्हता." मीं विचारलें, "जाड तारा घालूं या का?" ते हंसले. जाडीपेक्षां संख्या पाहा, आणि संख्येपेक्षां ताण पाहा, हें त्यांचें म्हणणें. हलक्या धातूची रिम चिरली कीं संपली. पोलादी रिम वांकली तर दगडावर ठेवून ठोकतां येते. जिचे टायर आणि तारा आठवड्याच्या बाजारांत मिळतात तीच रिम घ्या, असें त्यांनीं बजावलें. पोलादी रिमचा दोषहि त्यांनीं लपविला नाहीं: पावसांत ब्रेकचें रबर तिच्यावरून घसरतें, तेव्हां भर पावसांत घाट पायीं उतरावा. मग त्यांनीं ४० तारांचा तुंबा घेतला, जुनी एकहि तार न वापरतां प्रत्येक तार चार तारांना ओलांडून विणली, छर्रे धुऊन नवें ग्रीस भरलें, आणि चावीनें पाव पाव आटा फिरवीत आऊट काढला. शेवटीं त्यांनीं एकेका तारेला नखानें छेडलें. एका बाजूच्या साऱ्या तारा एकाच सुरांत वाजेपर्यंत त्यांनीं चाक माझ्या हातीं दिलें नाहीं. पहिले आठ दिवस चालवून पुन्हां आणा, नव्या तारा बसतांना सैलावतात, असेंहि सांगितलें. तें चाक बदलीच्या चार गांवीं माझ्याबरोबर फिरलें. टायर अनेक झिजले. तार एकच तुटली, ती पाटीखालीं सांपडून.

निवृत्त होऊन मला कांहीं वर्षें झालीं. मानव विकास कार्यक्रमांतून दूरवरून शाळेस येणाऱ्या मुलींना सायकली मिळूं लागल्या, आणि त्यांतल्या कांहीं माझ्या ओटीवर येतात. तार तुटली म्हणजे मुली ती काढून टाकतात आणि तशाच चालवितात. गेल्या पावसाळ्यांत नववींतील एक मुलगी आली. मीं तारा छेडून दाखविल्या. दोन बद्द वाजल्या. तिनें त्या ओळखल्या, माझ्या हातांतली चावी मागून घेतली, आणि पहिला पाव आटा उलटाच फिरविला. मीं कांहीं बोललों नाहीं. तिनें तार पुन्हां छेडली, कान दिला, आणि चावी दुसऱ्या बाजूला वळविली.