डोंगा आणि पत्र्याची नाव

माजरीनजीकच्या वर्धा नदीत आमच्या ढीवर पूर्वजांचा डोंगा चाले, तो एकाच अखंड खोडातून कोरलेला. त्यास सांधाच नसे, मग गळती कोठून? पुढे १८७८ व १९२७ च्या वन कायद्यांमुळे राखीव जंगलातील झाड परवान्यावाचून तोडणे गुन्हा ठरले आणि तसे खोड दुर्मिळ झाले.

आता कित्येक ज्ञातिबांधव अ‍ॅल्युमिनियमच्या नावेची चौकशी करितात. नाव हलकी, हे खरेच. परंतु समुद्राकरिता घडविलेली नाव लाटा कापण्यासाठी निमुळत्या तळाची असते; उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात ती वाळूवर रुतावयाची! आम्हांस सपाट तळच हवा. रिव्हेट कालांतराने सैल पडतात. म्हणून वेल्डिंगची नाव घ्यावी व घेण्यापूर्वी प्रत्येक सांधा पाण्यात उतरवून पाहावा.