म्हशीला आठ, गाईला चार

मराठवाड्यातल्या जळकोटच्या उत्तरेला कंधार, दक्षिणेला देवणी. दोन्ही गावांची नावं गुरांच्या जातींना मिळाली: लाल कंधारी आणि देवणी. असं नावाजलेलं जनावरही धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरतंच. मग भांडण जुंपतं, आणि ते मिटवायची सरकारी जागा म्हणजे कोंडवाडा.

ब्रिटिश हिंदुस्थानात गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा 1871 साली झाला. पिकाची नासाडी करणारं जनावर धरायचा हक्क शेतकऱ्याला मिळाला, पण ते आपल्या दावणीला बांधून ठेवायची मुभा नव्हती. 24 तासांत कोंडवाड्यात धाडायचं. मालकानंही दांडगाईनं ते हिसकावून न्यायचं नाही. नेलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जनावर विनाकारण धरलं असं वाटलं तर 10 दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे जायचं. एरवी दंड आणि चारापाण्याचा खर्च मोजला की जनावर सुटायचं.

दंडाचे दरही ठरलेले. उंट किंवा म्हैस 8 आणे, घोडा, गाय किंवा बैल 4, वासरू, गाढव किंवा डुक्कर 2, शेळी-मेंढी 1 आणा. हत्तीला 2 रुपये. तो कोंडवाड्यापर्यंत हाकायचा कसा, ते मात्र कायद्यानं सांगितलेलं नाही.

याज्ञवल्क्यस्मृतीतले दर याच्याशेजारी ठेवले तर गंमत वाटते. पीक खाणाऱ्या म्हशीमागे 8 माष, गाईमागे 4, शेळी-मेंढीमागे 2. नाणं बदललं, म्हैस आणि गाय यांचं प्रमाण तेच राहिलं. साहेबानं स्मृती उघडून दर ठरवले असं नव्हे. म्हैस किती खाते आणि किती तुडवते, हे कुणालाही बांधावरून दिसतं. स्मृती त्याहून बारकाईनं पाहते. चरून तिथंच बसकण मारली तर दंड दुप्पट. उलट देवाला सोडलेला वळू, नुकती व्यालेली गाय, कळपातून चुकलेलं जनावर यांना माफी. याच स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वरानं चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. ते कल्याणी म्हणजे उदगीरच्या दक्षिणेचं, बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण.

इंग्रजांचा कायदा जळकोटला थेट लागू नव्हता. हा मुलूख निजामाचा. स्वातंत्र्यानंतरही त्या कायद्याच्या पहिल्याच कलमात पूर्वीच्या ‘ब’ वर्ग राज्यांचा प्रदेश वगळलेला आहे, आणि हैदराबाद त्यांतलंच. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढे 1958च्या ग्रामपंचायत कायद्यानं कोंडवाडा उभारायचा आणि राखणदार नेमायचा अधिकार गावालाच दिला.

सोडवायला कुणी आलंच नाही तर काय, याचीही तजवीज 1871च्या कायद्यात होती. 7 दिवस वाट पाहून पोलीस ठाण्यावर नोटीस लावायची, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची, आणखी 7 दिवसांनी लिलाव. त्या लिलावात पोलीस अधिकाऱ्याला किंवा कोंडवाड्याच्या राखणदाराला स्वतः किंवा दुसऱ्या कुणाच्या नावानं जनावर विकत घ्यायला बंदी होती.