निषिद्ध शब्द

समुद्रावरचे चक्रीवादळ शेकडो मैल पसरते व दिवसचे दिवस टिकते. टॉर्नेडोचे तसे नाही. गडगडाटी ढगातून सोंडेसारखा भोवरा जमिनीवर उतरतो, फर्लांग-दोन फर्लांग रुंदीचा पट्टा उद्ध्वस्त करतो आणि बहुधा काही मिनिटांत विरून जातो. त्याचा माग काढणे अवघडच. परंतु अमेरिकेचा इतिहास पाहता आडवा आला तो केवळ निसर्ग नव्हे. कचेरीही आडवी आली.

लष्कराच्या सिग्नल खात्यातील जॉन फिन्ले यांनी १८८४ साली टॉर्नेडोची प्रायोगिक भाकिते केली. त्यांतली शेकडा साडेशहाण्णव खरी ठरल्याचा दावा झाला. त्यावर गिल्बर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ‘टॉर्नेडो होणार नाही’ एवढेच दर वेळी म्हटले असते तर शेकडा अठ्ठ्याण्णव खरी ठरली असती! टीका रास्त होती. तरीही ५१ पैकी २८ टॉर्नेडो फिन्ले यांनी आधी हेरले होते, हे काही थोडे नव्हे. पण लोक घाबरतील म्हणून लौकरच भाकितांत हा शब्द वापरण्यास मनाई झाली, आणि हवामानखाते मुलकी झाल्यावरही ती रीत कित्येक दशके टिकली.

तिची किंमत १८ मार्च १९२५ रोजी दिसली. दुपारी एकच्या सुमारास मिसूरीत उतरलेला टॉर्नेडो मिसिसिपी ओलांडून इलिनॉयमध्ये व तेथून इंडियानात गेला. साडेतीन तासांत २१९ मैल! गोरहॅम गाव झोडपून तो सुमारे दहा मिनिटांत मर्फीझबरोस पोचला. तेथे २३४ माणसे गेली. एकंदर बळी ६९५. वाटेवरच्या गावाने पुढच्या गावाला कळवावे अशी काही व्यवस्थाच नव्हती, आणि त्या दिवशीच्या सरकारी भाकितात टॉर्नेडोचे नाव नव्हते.

पुढे २० मार्च १९४८ च्या रात्री ओक्लाहोमातील टिंकर विमानतळावर टॉर्नेडो आला. विमानांचे नुकसान प्रचंड झाले. फॉबुश व मिलर या अधिकाऱ्यांना वरून हुकूम झाला की, कारणे शोधा. जुने नकाशे ते चाळत होते तोच २५ तारखेस तशीच हवा जमली. पाच दिवसांत त्याच जागी पुन्हा टॉर्नेडो? हसे होण्याचीच शक्यता अधिक. तरीही दोघांनी इशारा दिला, विमाने सुरक्षित जागी हलविली गेली, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास टॉर्नेडो खरोखरच आला.

१९५० मध्ये खात्याने अखेर शब्दावरचा संकोच सोडला. १९५३ च्या एप्रिलात इलिनॉयमधील रडारच्या पडद्यावर टॉर्नेडोच्या ढगाचा आकडीसारखा आकार प्रथम टिपला गेला. म्हणजे वादळ चालू असतानाच आता ते पाहता येऊ लागले. मात्र ३ व ४ एप्रिल १९७४ रोजी एका दिवसरात्रीत तेरा राज्यांत १४८ टॉर्नेडो उठले आणि तीनशेहून अधिक माणसे दगावली. त्या वेळच्या रडारला पाऊस दिसे, वाऱ्याची फिरकी दिसत नसे. ती दाखविणारी डॉप्लर रडारे देशभर बसली १९९० नंतरच्या दशकात. आता इशारा आणि तडाखा यांच्यामध्ये सरासरी दहा मिनिटांच्या आसपास मिळतात. गोरहॅम आणि मर्फीझबरो यांच्यामध्ये १९२५ साली तेवढीच होती.