बायोसच्या धास्तीची कुळकथा

अंधेरी असो, बोरिवली असो की मुलुंड, स्टेशनबाहेरच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बायोस अपडेटचा विषय काढला की बहुधा एकच सल्ला मिळतो: मशीन चालतंय ना, मग बायोसला हात लावू नका. कारणही ठरलेलं असतं. मध्येच लाइट गेली तर बोर्ड डेड.

हे कारण तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे. अपडेट करताना बायोसच्या चिपमधला जुना मजकूर आधी पुसला जातो, मग नवा लिहिला जातो. त्या मिनिटा-दोन मिनिटांत वीज गेली, तर मशीन सुरू करणारा प्रोग्रॅमच अर्धवट राहतो. पण हीच धास्ती मुंबईच्या उपनगरांत इतकी खोल का रुजावी? ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाने लोक हैराण होते, तेव्हाही मुंबई त्यातून बहुतांशी वाचलेली होती. राज्याचं ग्रिड कोसळलं तर शहराचा पुरवठा वेगळा काढून टाटांच्या वीज केंद्रांवर चालू ठेवायची ‘आयलंडिंग’ व्यवस्था इथे 1981 पासून आहे. त्या काळी उपनगरांना वीज देणाऱ्या बीएसईएसचं डहाणूचं 500 मेगावॉटचं केंद्रही नव्वदीच्या दशकात सुरू झालं. मुलुंड-भांडुपची वीज मात्र राज्य मंडळाची, आजच्या महावितरणची. तरीही जिथे लाइट क्वचित जाते त्या अंधेरीत आणि घाटकोपरातही धास्ती तेवढीच आहे. तेव्हा या भीतीचं मूळ विजेत नसावं. ते एका तारखेत आहे: सोमवार, 26 एप्रिल 1999.

त्याआधीची वंशावळ थोडक्यात. बायोस हे नाव गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीममधून, सत्तरीच्या दशकात आलं. 1981 मध्ये आयबीएमच्या पीसीत बायोस कायमस्वरूपी चिपवर बसला. तो न चोरता तसाच चालणारा बायोस आधी कॉम्पॅकने आणि मग 1984 मध्ये फिनिक्सने लिहिला, आणि त्यातून स्वस्त ‘असेंबल्ड’ पीसीचा बाजार उभा राहिला.

त्या काळी बायोस बदलणं म्हणजे चिप बदलणं. ईप्रॉम चिपला वर काचेची छोटी खिडकी असे. तिच्यावर अतिनील प्रकाश काही मिनिटं पाडला की जुना मजकूर पुसला जाई आणि मग वेगळ्या यंत्रावर नवा भरावा लागे. 1984 मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली, 1988 मध्ये इंटेलने ती बाजारात आणली, आणि नव्वदीत ती मदरबोर्डवर पोचली. आता चिप न काढता, साध्या फ्लॉपीवरून बायोस बदलता येऊ लागला. सोय मोठी होती, पण तिच्याबरोबर एक दारही उघडं पडलं. मालकाला जे लिहिता येतं, ते कोणत्याही प्रोग्रॅमला लिहिता येतं.

योगायोग असा, की 1998-99 मध्ये बायोस बदलण्याची निकडही आली. पीसीतलं घड्याळ वर्षाचे शेवटचे दोनच आकडे मोजायचं, शतक सांभाळायचं काम बायोसचं होतं. अवॉर्ड कंपनीच्या 4.50 मालिकेतल्या काही बायोसमध्ये 2000 साल उजाडताच तारीख 2094 होई. अंधेरीच्या सीप्झमधल्या सॉफ्टवेअर कंपन्या परदेशी ग्राहकांसाठी वायटूकेची कामं करत होत्या, तेव्हा शेजारच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या किंवा सीएच्या ऑफिसमधल्या पीसीलाही नव्या बायोसची गरज असू शकत होती.

त्याच काळात सीआयएच हा व्हायरस पसरला. तैवानच्या ततुंग विद्यापीठातल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने तो 1998 मध्ये लिहिला. आकार जेमतेम एक किलोबाइट. विंडोज 95 आणि 98 च्या प्रोग्रॅम फायलींमध्ये ज्या मोकळ्या जागा असतात, त्यांत तो तुकड्या-तुकड्यांनी लपे, म्हणून फाइलचा आकार वाढत नसे आणि संशयही येत नसे. 26 एप्रिलला तो जागा होई. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि बायोसच्या चिपवर कचरा लिहायचा. तारीख चेर्नोबिल दुर्घटनेची, म्हणून त्याला चेर्नोबिल व्हायरसही म्हणू लागले. त्या सोमवारी दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, बांगलादेश आणि भारतातही ऑफिसं उघडली तेव्हा अनेक मशीनचे पडदे काळेच राहिले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सीआयएचने बायोसपेक्षा डिस्कच जास्त घालवल्या. बायोसवरचा घाव इंटेलच्या 430टीएक्स चिपसेटच्या आणि तशाच काही बोर्डांवरच बसायचा, ज्यांत लिहायला अटकाव करणारा जंपर बसवलेला असे ती मशीन वाचत. हे मान्य. तरीही दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेतून पाहायला हवं. डिस्क गेली तर नवी घालता येते. सॉकेटमधली बायोसची चिप गेली, तर तसाच दुसरा बोर्ड शोधायचा, त्याची चिप लावून मशीन सुरू करायचं, मशीन चालू असतानाच चिमट्याने ती उपटायची, मेलेली चिप जागेवर बसवायची आणि तिच्यावर नवा बायोस लिहायचा. ही ‘हॉट स्वॅप’ पद्धत त्या काळात जगभरच्या दुकानांत चालायची. हात घसरला तर दोन्ही बोर्ड जायचे. ज्याने हे एकदा केलं, तो गिऱ्हाइकाला बायोसला हात लावू नका असंच सांगणार. ‘लाइट गेली तर’ हे त्या सल्ल्याचं सोपं रूप असावं, मूळ धडा सीआयएचचा आहे.

यंत्रातही खुणा सापडतात. त्याच सुमारास तैवानच्या गिगाबाइटने बोर्डावर एकाऐवजी दोन बायोस चिपा बसवायला सुरुवात केली. एक बिघडली तर दुसरीवरून मशीन उभं राहतं. प्रोसेसर-रॅमशिवाय, नुसत्या पेन ड्राइव्हवरून बायोस भरणारं आजचं बटण याच घराण्यातलं.

म्हणजे 1999 चा धोका आज बराचसा बांधून ठेवलेला आहे, फायदे मात्र तेव्हापेक्षा वाढले आहेत. एप्रिल 2023 मध्ये एएमडीचे रायझन 7000 मालिकेतले काही एक्स3डी प्रोसेसर जळाले, तेव्हा प्रोसेसरचं एसओसी व्होल्टेज 1.3 व्होल्टवर रोखणारा बायोसच उपाय ठरला. इंटेलच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजने खराब होत होते, ऑगस्ट 2024 पासून त्यांचा सुधारित मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅमही बायोसमधूनच पोचला. झालेली इजा त्याने भरून येत नाही, पुढची टळते. उलट उदाहरणही आहे. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरचा मायक्रोकोड घाईने आला, मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ लागली आणि 22 जानेवारीला इंटेललाच तो बसवू नका असं सांगावं लागलं. नवी आवृत्ती आली की त्याच दिवशी धावू नये, दोन-तीन आठवडे थांबावं.

वीज अगदीच निर्दोष आहे असंही नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास आयलंडिंगही अपुरं पडलं आणि मुंबई अंधारात गेली. म्हणून डेस्कटॉप यूपीएसवर आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवावा, विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्यावी, बोर्डाचं मॉडेल आणि रिव्हिजन नंबर पडताळून फाइल निर्मात्याच्या साइटवरूनच घ्यावी. 13 व्या किंवा 14 व्या पिढीचा कोअर आय7 किंवा आय9 घरात असेल आणि बायोस ऑगस्ट 2024 च्या आधीचा असेल, तर दुकानदार काहीही म्हणो, या रविवारी तो बदलून घ्या.