‘श्रीमंत’ : मान, पैसा आणि मुंबईचा बोलपट

‘श्री’ या शब्दाचे संपत्ती, शोभा आणि आदर हे तिन्ही अर्थ मराठीने संस्कृतातून घेतले. ‘श्रीमंत’ हे पेशव्यांच्या नावाआधी लागणारे मानाचे उपपद होते. आजच्या व्यवहारात त्याचा अर्थ बहुधा ‘पैसेवाला’ एवढाच उरला आहे. शब्दाच्या पोटात मान आणि पैसा सुखाने एकत्र नांदतात. समाजात मात्र ती दोन वेगळी खाती असून एकातील शिल्लक दुसऱ्यात आपोआप वळती होत नाही. नव्याने पैसा मिळविणाऱ्याच्या वाट्याला ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला’ हा शेरा आधी येतो, मान मागाहून येतो किंवा येतच नाही. प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात शिरू पाहणारा हा नवश्रीमंत जुन्या चित्रपटांत आपल्या परिचयाचा आहे. त्याची चर्चा सामान्यतः कथानकापुरती होते. परंतु ही कथानके पडद्यावर आणणारा व्यवसाय स्वतःच नवश्रीमंत होता, आणि मान्यतेसाठी तोही त्याच दाराशी उभा होता, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून त्या चित्रपटांचा अर्थ नीट लागत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या इतिहासाची सुरुवात गिरगावात होते. ३ मे १९१३ रोजी तेथील कोरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्यातील तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नाही. अखेर उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. पुढे या धंद्यात पैसा खेळू लागला. १९२९ साली दादरला ‘रणजित’ ही संस्था काढणारे चंदुलाल शहा शेअर बाजारातून आलेले होते, आणि सट्टा व घोड्यांच्या शर्यती यांचा त्यांचा नाद सर्वश्रुत होता. असा पैसा जितका झपाट्याने येतो तितक्याच संशयाने पाहिला जातो. चित्रपट पाहण्यास सभ्य घरांतील माणसे जात. घरातील मुलीने त्यात काम करावे, ही कल्पना मात्र त्यांना असह्य होती.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातीलच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला आणि पडदा बोलू लागला. मूकपटात चेहरा पुरेसा होता. चेहऱ्याला उच्चार नसतात. बोलपटाने प्रथमच प्रश्न उभा केला तो वाणीचा. मूकपटांची सम्राज्ञी म्हणून गाजलेल्या सुलोचना, म्हणजे रुबी मायर्स, यांनाही हिंदुस्तानी भाषेचे धडे घ्यावे लागले. वाणी हे घराण्याचे, शिक्षणाचे आणि वस्तीचे प्रमाणपत्र असते. ते नव्या पैशाने विकत घेता येत नाही. ज्याच्यापाशी ते आहे त्याला बोलावून आणावे लागते.

दुर्गा खोटे यांच्या आगमनाचे महत्त्व या दृष्टीने पाहावयास हवे. गिरगावातील कांदेवाडीत वाढलेली, सॉलिसिटर लाड यांची ही कन्या. माहेरी घरची बोली कोकणी आणि शिक्षण कॅथीड्रल शाळेत व सेंट झेवियर्स महाविद्यालयात. सासरचे वैभव ओसरल्यावर त्यांनी ‘फरेबी जाल’मध्ये (१९३१) लहानशी भूमिका केली, तेव्हा गहजब झाला. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्या तारामती झाल्या. कथा तीच, हरिश्चंद्राची. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या भूमिकेला स्त्री मिळत नव्हती ती आता एका प्रतिष्ठित घराण्यातील सुशिक्षित स्त्रीने केली. पैसा गमावलेल्या घराने मान आणला आणि मान नसलेल्या धंद्याने पैसा दिला, असा हा दुहेरी व्यवहार होता.

परळला याच व्यवहाराचे दुसरे रूप दिसते. जहाजबांधणीने नावारूपास आलेल्या वाडिया घराण्याच्या ‘लवजी कॅसल’मध्ये १९३३ साली वाडिया मूव्हीटोन सुरू झाली, १९४२ मध्ये तेथेच व्ही. शांताराम यांनी ‘राजकमल कलामंदिर’ स्थापन केले. हुबळीच्या रेल्वे कारखान्यात आणि चित्रगृहाच्या दाराशी नोकरी केलेल्या या माणसाने त्या जुन्या वास्तूला राजाराम आणि कमल ही आपल्या आईवडिलांची नावे दिली. उसना मान घेण्याऐवजी स्वतःच्या घराचे नाव प्रतिष्ठित करण्याचा हा मार्ग होता.

आता पडद्याकडे वळू. १९५२ च्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये (दिग्दर्शन राजा परांजपे, लेखन ग. दि. माडगूळकर) कफल्लक तरुणांपुढे ठेवलेली कसोटी एक लाख रुपये मिळविण्याची नव्हे, तर महिन्याभरात खर्च करण्याची असते. श्रीमंती ही केवळ रक्कम नसून सवय आहे, हे मर्म त्या विनोदात दडलेले आहे. ख्वाजा अहमद अब्बास आणि व. पु. साठे यांच्या कथेवरील राज कपूरच्या ‘श्री ४२०’मध्ये (१९५५) लाँड्रीत काम करणाऱ्या पदवीधराला उच्चभ्रूंच्या मेळाव्यात प्रवेश मिळतो तो पदवीमुळे नव्हे, तो राजकुमार आहे अशी ओळख करून दिली जाते म्हणून. त्याच्यावर प्रेम करणारी विद्या मात्र उंची साडी नेसूनही तेथे परकीच राहते. शीर्षकही विचार करण्याजोगे आहे. आदराचे उपपद आणि फसवणुकीचे कलम शेजारी बसवून त्याने ‘श्री’मधील मान आणि पैसा यांची फारकत एका दमात दाखविली आहे.

या सर्व व्यवहाराची किंमत कोणी दिली, हा प्रश्न उरतोच. परळ-लालबागच्या गिरण्यांतील कामगार हाही या पडद्याचा प्रेक्षक होता. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या त्या माणसाची बोली दिवाणखान्याच्या चित्रपटांत शिरली ती बहुधा गडी, मोलकरीण किंवा विदूषक यांच्या तोंडून. ‘सांगत्ये ऐका’सारख्या (१९५९) तमाशापटांनी ग्रामीण भाषेला मध्यवर्ती स्थान दिले, हे खरे, परंतु त्यांनी तिला गावातच ठेवले. मुंबईच्या रंगभूमीवर मालवणी बोलीने ठसठशीत यश मिळविले ते गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने (१९८०), आणि तेही विनोदाचे बोट धरून.

१९५४ साली आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. मराठी चित्रपटाच्या वाट्याला आलेली ही राजमान्यता साने गुरुजींच्या पुस्तकाच्या आणि कोकणातील एका गरीब घराच्या आधाराने आली, नव्या संपत्तीच्या बळावर नव्हे. मान्यता मिळविताना या व्यवसायाने प्रतिष्ठितांचे उच्चार आत्मसात केले. पण ज्यांच्या तिकिटांच्या आण्यांवर तो उभा राहिला, त्यांच्या उच्चारांना त्याच दिवाणखान्यात बसावयास जागा दिली नाही. म्हणून चित्रपटाचा सामाजिक इतिहास लिहिताना कोण श्रीमंत झाला याच्या जोडीने, कोणाची बोली मागल्या दाराने आत आली, याचीही नोंद होणे अगत्याचे आहे.